काहीतरी डचमळतंय!

"अगं, गाडीत पाणी वाजतंय."

शुक्रवार संध्याकाळ, सव्वासहा. खराडीतल्या आमच्या ऑफिसचा सातवा मजला. समोर सोमवारच्या क्लायंट कॉलचं अर्धवट प्रेझेंटेशन आणि कानाला आई. आवाज इतका दबका, की जणू परसात जाऊन फोन करतेय. (नंतर कळलं, खरंच परसात जाऊन करत होती.)

"पाणी वाजतंय म्हणजे?"

"डचमळतंय. अर्धी घागर कडेवर घेऊन चाललं की कसं वाजतं, तसं. कधी पुढून येतो आवाज, कधी मागून. आणि हे म्हणतात, तुझेच कान वाजतायत."

'हे' म्हणजे नाना. माझे वडील. पारनेर तालुक्यात आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेले. आणि गाडी म्हणजे २००८ ची, चंदेरी रंगाची, छोटी पेट्रोल हॅचबॅक. नंबर अर्थातच एमएच-१६. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, नंबर मात्र तोच राहिला. नाना अजूनही 'नगरला जाऊन येतो' असंच म्हणतात.) २०२३ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली, तेव्हा मी म्हटलं, आता पुरे. नानांनी तिला आंघोळ घालून आरटीओच्या तपासणीला नेलं आणि आणखी पाच वर्षांची मुदत घेऊन आले. इतका आनंद मी एमबीए झाले तेव्हाही त्यांच्या चेहऱ्यावर बघितला नव्हता.

तर पारनेर. तुमच्यापैकी जे कधी तिकडे गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, सह्याद्रीच्या पलीकडचा, पावसाच्या सावलीतला तालुका. टँकर हा आमच्याकडे ऋतू आहे. अशा गावातल्या गाडीत पाणी डचमळतंय हे ऐकून मला आधी हसूच आलं. मग आईचं पुढचं वाक्य आलं.

"गुरुवारी बारशाला जायचंय. माळशेजवरून."

दादा डोंबिवलीला असतो. त्याच्या मुलीचं बारसं. पारनेरहून टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर, मग माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याण. नाना बसने जाणार नव्हते. माझ्या गाडीतून तर नाहीच नाही. "माझी गाडी असताना?" हा त्यांचा प्रश्न नसतो, निकाल असतो.

खरं सांगू का? मला थोडं बरंच वाटलं. दोन वर्षं मी नानांना गाडी काढायला सांगत होते. नव्या गाडीचा ईएमआय मी भरेन म्हणून व्हॉट्सअॅपवर लिंकाही पाठवल्या होत्या. निळ्या टिका यायच्या, उत्तर यायचं नाही. आता गाडीनेच माझी बाजू घेतली होती.

शनिवारी सकाळी वाघोलीचं ट्रॅफिक, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूरला घोडनदीचा पूल, सुप्याला डावीकडे, की पारनेर. रस्ता पाठ आहे. रस्ताभर मी मनात केस तयार करत होते. आदल्या रात्री नेटवर तीन तास घालवले होते, त्यामुळे मी एक्स्पर्ट झालेच होते. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचतं. काचेखालच्या जाळीत पाला अडकतो. एसीची नळी तुंबते. मला सगळं माहीत होतं. गाडी फक्त बघायची राहिली होती.

घरी पोचले तर नाना गाडी अंगणातून बाहेर काढून, चालू ठेवून उभे. "बस. ऐक. काही वाजत नाही."

बसलो. पारनेर गावातून सुपा रस्त्याला एक फेरी मारली. (रांजणखळगे बघायला लोक लांबून निघोजला कुकडीच्या पात्रात जातात. मी म्हणते कशाला एवढं लांब जायचं.) आणि पहिल्याच खड्ड्यात मागून स्पष्ट आवाज आला. छपाक.

"हे काय मग?"

"पाण्याची बाटली असेल सीटखाली."

होतीसुद्धा! अर्धा लिटरची, मागच्या दिवाळीची. ती काढली. तरी छपाक.

मग आपल्याकडे जे होतं ते झालं. गाडी घरासमोर उभी राहिली आणि सल्लागार जमले. मेडिकलवाले म्हणाले, पेट्रोल आहे ते, टाकी मागच्या सीटखालीच असते. हा मुद्दा अगदीच वेडगळ नव्हता. टाकी अर्धी असली की ब्रेकवर पेट्रोल डचमळतं आणि शांत गाडीत ऐकूही येतं, त्यात बिघाड काही नसतो. पण नानांची टाकी काठोकाठ भरलेली. नाना पाव टाकीखाली काटा जाऊच देत नाहीत, आणि काठोकाठ भरलेल्या भांड्यात डचमळायला जागा नसते. समोरचा मुलगा म्हणाला, वायपरच्या पाण्याची बाटली. ती पुढे असते बाबा, आवाज मागून येतोय. मी डिकीचा गालिचा उचलून स्टेपनी बाहेर काढली. खाली कोरडं ठणठणीत. माझी पहिली थिअरी गेली.

शेवटी आमच्या शेजारचे टँकरवाले काका आले. ते बराच वेळ गेटपाशी उभं राहून नुसते ऐकत होते. त्यांनी पंचवीस वर्षं पाण्याचा टँकर चालवलाय, म्हणजे डचमळणाऱ्या पाण्याबरोबर संसारच केलाय. ते मागच्या सीटवर बसले, काच खाली केली आणि नानांना म्हणाले, "गुरुजी, मैदानात घ्या. माणूस चालतो तेवढ्या स्पीडनं. मी म्हणलं की ब्रेक."

ब्रेक. छपाक. परत ब्रेक. परत छपाक. मग डावीकडे गोल, उजवीकडे गोल. काका आधी डाव्या दाराला कान लावून बसले, मग उजव्या. उतरले, आणि डावं मागचं दार बोटांच्या पेरांनी वाजवत गेले, वरून खाली, बाजारात माठ वाजवून घेतात तसं. वर टण् टण्. खाली बद् बद्.

"दारात पाणी हाय."

काकांनी मला टँकरच्या पोटातलंही सांगितलं. आत आडवे पडदे असतात, भोकांचे पत्रे. ते नसतील तर ब्रेक मारल्यावर सगळं पाणी एकदम पुढे येतं आणि थांबलेल्या गाडीला ढकलतं. भरलेला टँकर बरा, रिकामाही बरा, अर्धा सगळ्यात वाईट. मला हे ऐकून मार्च २००७ मधलं स्पेसएक्सचं फाल्कन-१ आठवलं. त्यांच्या दुसऱ्या उड्डाणात वरच्या टप्प्याच्या टाकीतला द्रवरूप ऑक्सिजन डचमळायला लागला, रॉकेट हेलकावे खात भरकटलं आणि कक्षेत पोचलंच नाही. त्या टाकीत पडदे बसवलेले नव्हते. पुढच्या उड्डाणासाठी बसवले. काकांना सांगितलं, तर म्हणाले, "मंग आधी इचारायचं ना."

दारात पाणी जातं कसं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. आपल्याला वाटतं दार बंद डबा असतो. तसं नसतं. काचेच्या बाहेरच्या रबरी पट्टीतून पाऊस थोडा आत जाणारच, हे गाडी बनवणाऱ्यांनी धरलेलंच असतं. ते पाणी आतून खाली उतरतं आणि दाराच्या तळाशी असलेल्या बारीक चिरांमधून बाहेर पडतं. सगळ्या गाड्यांत. तुमच्याही. आमच्या गाडीची पट्टी पारनेरच्या उन्हानं तडकलेली, त्यामुळे सप्टेंबरच्या तीन दिवसांच्या पावसात पाणी जास्तच आत गेलं. आणि खालच्या चिरा? मे महिन्यात नानांनी नगरला एका ठिकाणी गाडीला खालून काळा थर मारून घेतला होता, गंजू नये म्हणून. मारणाऱ्यानं उत्साहात दारांच्या कडाही रंगवल्या. चिरा बुजल्या. राळेगणसिद्धी आमच्याच तालुक्यातलं. १९७५ मध्ये अण्णा हजारे गावी परतले आणि पुढे तिथल्या पाणलोटाच्या कामानं 'पाणी अडवा, पाणी जिरवा' आमच्या कानांवर बारशापासून पडत आलं. पण म्हणून गाडीच्या दारात?

आईने क्रोशाची सुई आणली. तार किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालू नका हं, पत्र्यावरचा रंग खरवडला की तिथूनच गंज सुरू होतो. सुईनं काळा थर हळूच कोरला, आणि दारातून जी धार लागली! आईनं पळत जाऊन घमेलं आणलं. दोन लिटर तरी असेल. घमेलं जास्वंदीला गेलं. बाकीची तीन दारंही तपासली. एकात थोडं होतं, दोन कोरडी.

मैदानात परत फेरी मारली. ब्रेक. शांतता. टाळ्या. काकांना चहा. मी फोनमध्ये दादाला मेसेज टाकला, 'केस सॉल्व्हड'. रविवारी सकाळी लवकर निघून दुपारी प्रेझेंटेशन संपवायचं, असा प्लॅनही झाला. नाना जेवताना नेहमीपेक्षा जास्त बोलले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

रविवारी सकाळी सहाला मी निघाले. माझी गाडी अंगणात आत, नानांची तिच्यामागे. नाना मागे गिझर लावत होते, म्हणून त्यांच्या गाडीची चावी मीच घेतली. म्हटलं काढते बाहेर. स्टार्टर मारला.

गुळगुळगुळगुळ.

डॅशबोर्डच्या मागून. जणू कुणी तिथे बसून चूळ भरतंय. आठ-दहा सेकंद, मग गप्प. मी अॅक्सिलरेटर दाबला. परत गुळगुळ, जरा जोरात, नळातून हवा आणि पाणी एकत्र येतं तसं. गाडी जागच्या जागी उभी. ब्रेकचा संबंध नाही, दाराचा नाही.

आई ओट्यावर उभी होती. "हाच," ती म्हणाली. "हा पुढचा. काल निघाला तो मागचा."

कधी पुढून येतो, कधी मागून. तिनं फोनवर पहिल्या मिनिटाला सांगितलं होतं. मी लिंका वाचण्यात गुंग होते. आणि शनिवारी आम्ही बसायच्या आधीच नानांनी गाडी चालू करून ठेवलेली होती, त्यामुळे थंड इंजिनचा हा आवाज कुणाला ऐकूच आला नाही. दार डचमळत नसतं तर निदान आम्ही पुढे कान लावला असता. आवाज सापडला, आवाज गेला, सगळे खूश! मी अर्ध्या तासात सुप्याला पोचले असते, आणि गुरुवारी हे दोघं माळशेजला.

नाना मागून आले. गाडी चालू बघून त्यांचा चेहरा उतरला. "बंद कर ती. थंड इंजिनला रेस देऊ नये."

"नाना, मेकॅनिककडे जाऊ."

"रविवार आहे."

"तुमचा विद्यार्थीच आहे ना तो? तुमच्यासाठी उघडेल."

त्यानं उघडलं. पारनेरमध्ये नानांचे विद्यार्थी नाहीत असा एकही धंदा नाही. चाळिशीचा माणूस, हाताला ग्रीस, नानांना बघून आधी वाकून नमस्कार. मी नेटवरून मिळवलेलं ज्ञान सुरू केलं, एसीची नळी, जाळीतला पाला वगैरे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग नुसते प्रश्न विचारले.

"ताई, येतो कधी? सकाळी पयल्यांदा चालू केल्यावर, का गरम झाल्यावरबी?"

"सकाळी."

"एसी चालू असताना?"

"एसी लावलाच नव्हता."

"मंग एसीचं पाणी न्हाय. वळताना येतो, का उभ्या गाडीला?"

"उभ्या. रेस दिली की वाढतो."

"पायाखाली वलं? मॅट भिजल्यालं?"

"नाही."

तो नानांकडे वळला. "गुरुजी, पाणी किती दिवसांनी टाकता?"

बघा हं, पाणी टाकता का, असं विचारलं नाही. किती दिवसांनी! नाना भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. संकष्टी शोधत असावेत.

इंजिन थंड व्हायला आम्ही अर्धा तास थांबलो, चहा झाला. मग त्यानं रेडिएटरचं झाकण उघडलं. वरून पाणी दिसतच नव्हतं. बोट घालून काढलं, तर बोटाला गेरूसारखा रंग. "कूलंटचा थेंब न्हाय ह्यात. निव्वळ बोअरचं पाणी."

आता हे समजून घ्या, कारण जुनी गाडी घरी असेल तर हे तुमचंही आहे. आपल्याकडे हिटर कुणी फारसं लावत नाही, पण हिटरची छोटी जाळी डॅशबोर्डमागे असतेच, आणि इंजिन थंड ठेवणारं पाणी तिच्यातूनही फिरतं. ते पाणी कमी झालं की त्या जागी हवा शिरते, आणि हवा-पाणी मिळून त्या जाळीतून जाताना गुळगुळतात. म्हणजे तो आवाज पाणी जास्त झाल्याचा नाही. पाणी कमी झाल्याचा आहे. उथळ पाण्याला खळखळाट फार ही म्हण शाळेत नानांनीच फळ्यावर लिहिली असेल कितीदा.

आणि काटा? "काटा तर अर्ध्याच्या खाली असतो," नाना म्हणाले. तोही फसवतो, मेकॅनिक म्हणाला. काटा ज्या सेन्सरवर चालतो तो पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाणी फारच उतरलं की तो हवेत लटकतो, आणि आत इंजिन भाजत असताना काटा निवांत बसलेला असू शकतो.

मी नानांकडे बघत होते. ते उठले, गाडीपाशी गेले, ड्रायव्हरच्या दारातल्या खणातून एक वही काढून मेकॅनिकच्या हातात दिली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, शाळेतल्यासारखी. माझ्या हातात नाही दिली.

वहीत चार रकाने आखलेले. तारीख. किलोमीटर. टाकलेले पाणी, मिलिलिटरमध्ये. शेरा. पहिली नोंद एप्रिलची. ३०० मिली. पुढची बारा दिवसांनी, ३०० मिली. जूनमध्ये आठवड्याला अर्धा लिटर. शेरे बारीक अक्षरात, 'आवाज आला', 'आवाज नाही', 'सुप्यापर्यंत ठीक'. सप्टेंबरच्या शेवटच्या तीन नोंदी चार-चार दिवसांच्या अंतरानं, एक-एक लिटरच्या. आणि सगळ्यात खाली, त्याच गुरुवारची तारीख आधीच टाकून, 'माळशेज. सोबत १० लि. कॅन'.

"हे सगळं माहीत होतं तुम्हाला?"

"माहीत होतं म्हणून तर लिहिलं."

"मग मला का नाही सांगितलं?"

नाना सगळ्यांसमोर कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही नाही चढवला. "तू काय म्हणाली असतीस, ते मला माहीत होतं. तू लिंक पाठवली असतीस."

मी गप्प बसले. कारण पाठवली असती.

"गाडी गेली की मी काय करायचं? तुझ्या आईला नगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं तर कुणाला फोन करायचा? तुला? तू म्हणशील मीटिंग आहे. चुकीचं नाही म्हणत मी. मीटिंग असतेच."

मेकॅनिक मान खाली घालून वही वाचत होता. विद्यार्थी असला की काय ऐकायचं नाही हेही कळतं बहुतेक. मग तो म्हणाला, "गुरुजी, वही लई कामाची हाय. एकदम फुटलं असतं तर गॅसकेट म्हणलो असतो. ह्ये हळूहळू वाढत गेलंय. बाहेरून गळतंय."

त्यानं रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवला, सायकलला हवा भरतात तशातला, पण वर घड्याळ असलेला. दाब दिला. घड्याळाचा काटा थोडा थांबला आणि सावकाश खाली यायला लागला. टॉर्च मारला. रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिकच्या भागाला केसाएवढी चीर, आणि तिच्याभोवती वाळलेल्या पाण्याचा पांढरा-तांबूस थर. इंजिन गरम होऊन दाब वाढला की तिथून वाफ जायची. खाली थेंब पडत नव्हता म्हणून अंगणात कधी डाग दिसला नाही.

हेड गॅसकेटचीही खात्री केली त्यानं. ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ साय नव्हती, इंजिन चालू असताना रेडिएटरच्या पाण्यात बुडबुड्यांची रांग येत नव्हती, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. तेव्हा कुठे मला नीट श्वास घेता आला. गॅसकेट असतं तर खर्च गाडीच्या किमतीला भिडला असता, आणि मग नानांकडेही युक्तिवाद उरला नसता.

दहा लिटरच्या कॅनबद्दल मात्र त्यानं गुरुजींना शिष्यासारखं नाही, गुरुजींसारखं सुनावलं. रेडिएटर म्हणजे प्रेशर कुकर. झाकणाच्या दाबामुळे आतलं पाणी १०० अंशांना उकळत नाही, १२० च्या आसपासपर्यंत तग धरतं. घाट चढताना इंजिन तापलं, तुम्ही गाडी बाजूला घेतली आणि पाणी टाकायला झाकण फिरवलं, तर दाब एकदम जातो आणि आतलं सगळं पाणी त्या क्षणी उकळून वर येतं. तोंडावर. "माझ्याकडं दोन जण येऊन गेलेत हात भाजल्यालं. गुरुजी, तुम्ही चष्मा लावता. वाकून बघितलं असतं तुम्ही." चीर असलेल्या रेडिएटरनं उतरताना साथ दिलीही असती. पण परतीला तोच घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढायचा होता. आई शेजारच्या सीटवर.

बोअरचं पाणी हाही गुन्हाच. आमच्याकडचं पाणी इतकं जड, की बादलीला खालून पांढरा थर धरतो. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत आतून धरतो, आणि कूलंटमध्ये गंज रोखणारी जी रसायनं असतात ती साध्या पाण्यात नसल्यामुळे गंज वेगळाच. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, एवढंच टाकायचं. कूलंटची बाटली ही काही चैन नाही.

नवा रेडिएटर सोमवारी दुपारी नगरहून एसटीच्या पार्सलनं आला. क्लायंट कॉल मी गॅरेजच्या बाकावर बसून केला, मागे टायरच्या भिंतीचं व्हर्च्युअल नव्हे, खरं बॅकग्राउंड. क्लायंटला आवडलं. आत सगळी नळ्यांची धुलाई झाली. पहिलं पाणी विटकरी, मग चहासारखं, मग स्वच्छ. नवं झाकण, नवा थर्मोस्टॅट, दोन होज. मग गाडीची पुढची चाकं उतारावर चढवून, नाक वर करून, हिटर फुल गरमवर टाकला आणि झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. असं केलं की आत अडकलेली हवा वर येते. सप्टेंबरच्या दुपारी हिटर लावलेल्या गाडीत नाना घामाघूम होऊन ड्रायव्हिंग सीटवर बसले होते आणि बाहेर मेकॅनिक ओरडत होता, "गुरुजी, थोडी रेस!" डबुक. डबुक. डबुक. मग बुडबुडे थांबले, पंखा लागला, तो म्हणाला, झालं.

एकूण खर्च साडेआठ हजार. मी जीपे उघडेपर्यंत नानांनी खिशातून मोजून दिले होते. वहीत नोंदही केली. शेऱ्यात 'रेडिएटर नवीन' आणि पुढे काहीतरी लिहून खोडलेलं.

मंगळवारी आणि बुधवारी सकाळी मी फोन करून विचारलं. थंड इंजिन, आवाज नाही. बाटलीतली पातळी दोन्ही दिवस खुणेवर. लिंक एकही पाठवली नाही. गुरुवारी मी पुण्याहून परस्पर डोंबिवलीला गेले, बारसं झालं, भाचीचं नाव ठेवलं, नाना फोटोत कधी नव्हे ते हसले.

शुक्रवारी संध्याकाळी, सव्वासहालाच, फोन. आईचा नाही, नानांचा.

"घाट चढून आलो. काटा अर्ध्याच्या खाली. वेळखिंडीच्या अलीकडे थांबून बघितलं, सेन्सर हवेत नाही, पातळी बरोब्बर."

"झाकण उघडलंत?"

"बाहेरची बाटली बघितली. मूर्ख समजतेस का मला?" मग थोडं थांबून, जरा हळू, "फक्त मागून परत थोडं वाजतंय. तुझी आई म्हणते."

लॅपटॉप बंद करत मी विचारलं, "बरं, कधी वाजतं? ब्रेकवर, की खड्ड्यात?"

"ब्रेकवर."

"दार वाजवून बघितलं?"

"बघितलं. चारही कोरडी. टण् टण्."

"टाकी किती भरलीय, नाना?"

पलीकडे दोन क्षण काही नाही. मग आईचा आवाज, लांबून, "सांगा ना, अर्धी आहे म्हणून! डोंबिवलीत भरायला थांबलेच नाहीत हे."